काखेत स्टूल

आमच्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खाटेवर आडवी होते आणि त्या माझ्या नाकावर बसलेल्या माशीकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, हाकलत नव्हत्या. मला हात हलवायची आणि बोलायची मनाई होती, आणि ती मनाई त्यांनीच निरोप पाठवून घातलेली. माशी नाकाच्या शेंड्यावरून वरच्या ओठावर आली, तिथे थोडा वेळ रमली आणि परत नाकावर गेली. बाई एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसून हे सगळं शांतपणे पाहत राहिल्या.

ही माझी मुलाखत होती.

कोहमारा आणि सडक अर्जुनी यांच्या मधे, हायवेपासून जरा आत, म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं एक निवासगृह आहे. मी गोंदियात रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि प्रमाणपत्राला प्लास्टिकचं कव्हर घालून तिथे नोकरी मागायला गेले होते. ते प्रमाणपत्र कुणी बघितलंच नाही. दारातल्या माणसाने मला एक ढगळ गाऊन दिला, एक रिकामी खाट दाखवली आणि बाईंचा निरोप सांगितला. सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत पडून राहायचं, हात हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. नोकरी नको असेल तर उठावं, गोंदियाची बस चौकात मिळते.

मी लहानपणापासून हट्टी. पडून राहिले. मधे तिथलीच एक सेविका, एक ताई, मला भरवायला आली. ती उभीच होती. तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. वरण इतकं गरम की जीभ पोळली, आणि पुढचा चमचा मी पहिला गिळायच्या आत दातावर आदळला. हनुवटीवरून ओघळलेलं वरण तिने माझ्याच गाऊनला पुसलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हिने आज बराच खाल्ला." त्या ताईला हे सगळं मुद्दाम चुकीचं करायला बाईंनीच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. ती बिचारी पुढे महिनाभर माझी माफी मागत होती.

दुपारचा चहा आला तशा बाई म्हणाल्या, "उठ वो पोरी. सांग, काय काय दिसला?"

मी आठवून सांगितलं. पंखा. पंख्याच्या एका पात्याला लोंबणारं जळमट.

"अन?"

"अन काही नाही."

"सकारपासून तेच?"

"हो."

"मंग ते जळमट पहिले काढ. इथं झोपनाऱ्याले दिवसभर तेवढाच पाहाले मिळते."

मला नोकरी लागली ती अशी. घरी आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. नोकरी आहे की थट्टा, असं तिने दोनदा विचारलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. उंच, रुंद खांद्यांच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. हातात एकही बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. मनगटावर घड्याळ, पण काच आतल्या बाजूला, म्हणजे कुणाला उचलताना त्याच्या कातडीला ओरखडा जाऊ नये. म्हातारपणी कातडी कांद्याच्या सालीसारखी होते, असं त्या सांगायच्या. त्यांनी कसलाही कोर्स केलेला नव्हता. सरकारी दवाखान्यात कितीतरी वर्षं आया म्हणून काढली, तिथून इथे आल्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर "हाये तिकडे तिरोड्याले" एवढंच उत्तर मिळायचं आणि पुन्हा विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि काखेत स्टूल. ते स्टूल म्हणजे बाईंचा एक अवयवच होता. गुडघ्याच्याही खाली येईल एवढं ठेंगणं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. जिथे जातील तिथे ते बरोबर. कुणाशीही बोलायचं तर आधी स्टूल खाली ठेवायचं, त्यावर बसायचं, मग तोंड उघडायचं. खाटेवरच्या माणसाचे डोळे वर आणि आपले खाली, असंच असलं पाहिजे हा त्यांचा कायदा. "दिवसभर तो आपल्याले खालूनच पायते. घडीभर तू त्याले खालून पाह्य," असं त्या आम्हाला सांगायच्या. उभ्याने भरवताना कुणी सापडलं तर मात्र तोंडाचा पट्टा सुटायचा. "उभ्यानं ढोराले चारा टाकतेत. अन तेयी ढोर आपला नसन तं."

त्यांचे असे कायदे पुष्कळ होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचं. आत झोपलेला माणूस ठार बहिरा असला तरी वाजवायचं. मी एकदा म्हटलं, बाई, त्यांना ऐकूच येत नाही. तर म्हणाल्या, "तुले तं येते ना." हात लावण्याआधी तळवे स्वतःच्या मानेवर धरून ऊब आणायची. काय करणार ते आधी सांगायचं: आता डावा पाय उचलते, आता कूस बदलते, आता पाणी लागेल, कोमट आहे. शुद्धीत नसलेल्या माणसालाही सांगायचं. रोज दुपारी, दात नसलेल्यांसाठी जे मऊ शिजवलेलं असे, त्याची पहिली वाटी बाई स्वतः खायच्या, आणि बिनमिठाचं असेल तर स्वयंपाकघरात जाऊन असं काही बोलायच्या की स्वयंपाकीणबाई पुढचे चार दिवस मीठ दोनदा बघायच्या.

सगळ्यात कडक कायदा नावाचा. कुणालाही आजी-आजोबा म्हणायचं नाही. "त्याईचे नातू त्याईले आजी म्हनतीन. तू कोन?" माणूस आला की पहिल्या दिवशी बाई स्टुलावर बसून विचारायच्या, तुमाले काय म्हनून हाक मारू? एका निवृत्त मास्तरांनी "सर" सांगितलं. एका बाईंनी माहेरचं नाव सांगितलं, जे त्यांच्या लेकरांनाही माहीत नव्हतं. आणि रायपूरच्या रस्त्यावर सगळा जन्म ट्रक चालवलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "उस्ताद बोलो."

हे उस्ताद आले तेव्हा त्यांना झोप म्हणून लागायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही. गाद्या बदलून झाल्या, गोळ्या झाल्या. त्यांना सगळ्यात शांत खोली दिली होती, मागची, बांबूच्या बेटाकडची. बाई दोन दिवस त्यांच्याजवळ बसल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांची खाट उचलून रस्त्याकडच्या खिडकीशी लावली. आम्ही म्हटलं, बाई, तिथे हॉर्नने आपलंसुद्धा डोकं उठतं. बाईंनी लक्ष दिलं नाही. पहिला भरलेला ट्रक चढावर गुरगुरत गेला तसे उस्ताद डोळे मिटूनच म्हणाले, "तीसरे में डाल, तीसरे में." आणि पाचव्या ट्रकला घोरायला लागले. बाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर जास्त घेतली.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं कुणी समजू नये. बाई तापट होत्या आणि कधी कधी अन्यायीही. कुणी रजा मागितली की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. शाबासकी नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच. मोठ्या माणसांचीही भीड नव्हती. एकदा एक प्रतिष्ठित पाहुणे वाढदिवसानिमित्त फळं वाटायला आले, बरोबर फोटो काढणारा. बाईंनी त्यांना पहिल्याच दारात अडवलं. "वाजवा. या म्हनला त्यायनं, तं जा." पाहुण्यांनी हसत हसत दार वाजवलं. आत नेमके आमचे बहिरे गृहस्थ. ते काही 'या' म्हणेनात. पाहुणे केळ्यांचा घड घेऊन पंधरा मिनिटं उंबऱ्याबाहेर उभे. पुढे बाईंना संस्थेच्या लोकांनी बरंच ऐकवलं. बाईंनी ते स्टुलावर बसून ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाल्या, "केळं देल्याले दुःख नाही जी. पन घर त्याईचा हाये."

नातेवाइकांनाही त्या सोडायच्या नाहीत. भेटायला आलेला मुलगा खुर्चीत बसून "ह्यांचं जेवणखाण कसं आहे?" असं आमच्याकडे बघून विचारायला लागला की बाई त्याच्या हातात नखं काढायचं यंत्र द्यायच्या. "त्याईलेच विचारा. अन तोवर हात धरा, नखं वाढले." कितीतरी मुलांनी आपल्या बापाचा हात पहिल्यांदा असा नीट धरलेला मी पाहिलाय.

आज मी स्वतः नवीन मुलींना हे काम शिकवते. त्यांना मी पुष्कळ काही सांगते, पण एक गोष्ट कधीच वगळत नाही. ती समारोबाईंची.

समारोबाई सालेकसा भागातल्या, कचारगडच्या बाजूच्या एका जंगलातल्या गावच्या. गोंड घरातल्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. "समारो म्हना" हे त्यांच्या भाच्याने सांगितलं आणि त्यांनी मान हलवून होकार दिला, एवढाच त्यांचा आमच्याशी झालेला संवाद. मराठी त्यांना कळायचं, पण तोंडातून नुसते आवाज यायचे. गिळायला त्रास, म्हणून डॉक्टरांनी तिन्ही वेळ पातळ पेज किंवा आसट भात, एवढंच सांगितलेलं. मधे कोरा चहा, चमच्याने. त्यांना भरवायचं काम माझ्याकडे होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता. माझ्या हातून त्या वाटी संपवायच्या, दुसऱ्या कुणाच्या हातून अर्धीच.

दसऱ्याच्या जरा आधीचे दिवस होते. बाई तीन दिवस तिरोड्याला गेल्या. त्यांनी घेतलेली ती पहिली रजा. कशाला, ते सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी जवळच्या गावच्या एका शेतकऱ्याने आमच्याकडे तांदळाचं पोतं आणून टाकलं. त्याच्या हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचा पहिला तांदूळ, घरात शिजवायच्या आधी म्हाताऱ्यांच्या तोंडी पडावा म्हणून. कोठीतला जुना तांदूळ संपतच आला होता. सगळ्यांना आनंद झाला. सकाळी त्या तांदळाची पेज झाली तेव्हा सगळ्या घरभर वास सुटला.

मी वाटी घेऊन गेले. समारोबाईंनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

सकाळी नाही. दुपारी नाही. संध्याकाळी नाही. चहाला तोंड उघडायच्या, पेज दिसली की बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. मी गोंजारून पाहिलं, दूध घालून पाहिलं, रागावून पाहिलं. दुसऱ्या दुपारी माझा धीर सुटला. बाई येतील आणि विचारतील, तू असताना ही उपाशी कशी, याची मला धास्ती बसली होती. मी त्यांची हनुवटी धरली आणि स्टीलचा चमचा मिटलेल्या ओठांमध्ये दाबला. दाबला म्हणजे जोर लावला. पेज बाहेर आली ती लालसर. ओठाच्या आत कापलं होतं. मी ते पुसलं. आजूबाजूला पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली, मला विचारलं काय झालं. मी म्हटलं, "हट्ट करतात. आता डोकं काम करत नाही बहुतेक."

डॉक्टर भले माणूस. थोडा विचार करून म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. डाव्या हाताने उपसतील, तेव्हा तो हात बांधून ठेवावा लागेल."

समारोबाईंनी हे सगळं ऐकलं. त्यांचा तो एकच चालता हात चादरीवर होता. तो त्यांनी हळूच चादरीखाली ओढून घेतला. मी ते पाहिलं.

दुपारनंतर बाई आल्या. पिशवी न ठेवताच दार वाजवून आत गेल्या, स्टूल ठेवलं, बसल्या. मी सगळं सांगितलं, म्हणजे ओठाचं सोडून सगळं. बाईंनी तळवे मानेवर धरले, पिशवीतली टॉर्च काढली आणि म्हणाल्या, "समारोबाई, तोंड पाह्यतो जी, काई घालत नाही." समारोबाईंनी तोंड उघडलं. बाईंनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. टॉर्च बंद केली.

"हे कोनं केला?" असं त्या विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. विचारलंच नाही त्यांनी. शेजारची खाट रिकामी होती. बाई उठल्या, त्या खाटेवर जाऊन उताण्या पडल्या, दोन्ही हात चादरीखाली घेतले.

"आन वाटी. भरव मले."

वाटी घेऊन मी त्यांच्याजवळ गेले.

"जशी तिले भरवली तशी," एवढं बोलून बाईंनी तोंड मिटलं.

एवढी मोठी बाई, जिच्या आवाजाला आम्ही सगळ्या घाबरायचो, ती ओठ घट्ट मिटून, हात न हलवता, माझ्याकडे खालून बघत पडली होती. मी चमचा भरला. तो त्यांच्या ओठांपर्यंत नेला. पुढे नेता येईना. चमचा कलंडून पेज त्यांच्या गळ्यावर सांडली. बाई नुसत्या बघत राहिल्या. मी वाटी खाली ठेवली आणि जमिनीवर बसून रडले. जे केलं ते सगळं सांगितलं, समारोबाईंच्या समोर, त्यांना ऐकू जाईल असं.

बाई उठून बसल्या, पदराने गळा पुसला. "आठ दिवस तू कोनाले भरवायचा नाही. आता उगी राह्य अन मले सांग. चहाले तोंड उघडते?"

"हो."

"टॉर्चले उघडला. पेजेलेच काऊन नाही? मंग तोंडात दोष नोहे. ते बंद तोंडानं सांगून रायली काईतरी, अन आपून ऐकून नाही रायलो."

त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. पातेल्याचं झाकण काढून त्यांनी वास घेतला आणि जागच्या जागी थांबल्या. स्वयंपाकीणबाईंना विचारलं, "तांदूळ कोनता?"

"नवा," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुमी गेल्या त्याच सांजेले आला."

बाईंनी कपाळाला हात लावला. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "मले माहीत होता तो पोता येनार हाये म्हून," त्या म्हणाल्या. "त्यानं मलेच विचारला होता. अन मी कोनाले काई न सांगता चालली गेली." मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्यावर नाही, स्वतःवरच चिडलेल्या होत्या. समारोबाईंच्या लोकांत नवा धान आधी देवाला आणि वाडवडिलांना देतात. घरात हा 'नवा' सण झाल्याशिवाय नव्या धानाचा दाणा तोंडात घालत नाहीत, मग जीव गेला तरी. गावागावाचा दिवस वेगळा. आम्ही त्यांना तीन दिवस नवा तांदूळ खायला घालत होतो, आणि त्या तोंड मिटून आपला धर्म राखत होत्या. मी त्याला डोकं काम करत नाही म्हणाले होते.

बाई परत खोलीत गेल्या. स्टुलावर बसल्या. "समारोबाई, माझी चूक झाली जी," त्या म्हणाल्या. "तुमी बराबर होत्या." समारोबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता, उशीवर.

पण जुना तांदूळ घरात उरला नव्हता, आणि सकाळी डॉक्टर नळी घेऊन येणार होते. बाई म्हणाल्या, "तुई गाडी काढ." मी स्कूटी काढली. मागे बाई, बाईंच्या काखेत स्टूल. कोहमाऱ्याच्या चौकात पहिल्या ढाब्यासमोर उतरलो. ढाबेवाले जुनाच तांदूळ वापरतात, भात मोकळा होतो म्हणून, हे बाईंना पक्कं माहीत होतं. मालक गल्ल्यावर बसला होता. बाईंनी त्याच्यासमोर स्टूल ठेवलं आणि बसल्या, म्हणजे तो वर आणि बाई खाली. "मागच्या सालचा तांदूळ पायजे. दोन वाट्या. खराच मागच्या सालचा."

"क्यूं बाई, क्या हुआ?"

"एक बाई तीन दिवसाची उपाशी हाये."

त्याने पुढे काही विचारलं नाही. दोन वाट्यांऐवजी पिशवी भरून दिली.

पेज शिजायच्या आधी बाईंनी त्या तांदळाचे पाच-सहा दाणे समारोबाईंच्या डाव्या तळव्यावर ठेवले. "जुना हाये जी. पाह्या." समारोबाईंनी ते बोटांत चोळले, नाकाजवळ नेले, डोळे मिटून वास घेतला. सगळा जन्म धानात गेलेली बाई ती, तिला कोण फसवणार. तासाभराने वाटी आली तेव्हा सूर्य मावळत होता. बाई स्टुलावर, मी वाटी धरून उभी. बाईंनी चमचा ओठांपासून वीतभर लांब धरला आणि तिथेच थांबवला. समारोबाईंनी तोंड उघडलं. एक वाटी, मग दुसरी वाटी. सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी नळीची पेटी उघडलीच नाही.

पेज खाल्ली त्याच संध्याकाळी बाईंनी समारोबाईंच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडे नवा व्हायचाच आहे, येत्या बुधवारी.

बुधवारी दुपारी तो आला. घरचा नवा उरकून निघालेला, नव्या तांदळाच्या भाताची पुडी पळसाच्या पानांत गुंडाळून, पंच्यात बांधून आणलेली. बाईंनी आधीच समारोबाईंना न्हाऊ घालून, केस विंचरून, टेकवून बसवलं होतं. भाच्याने पुडी उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डाव्या हाताने ती कपाळाला लावली. चिमूटभर शितं खाली जमिनीवर सोडली. ओठ हलत होते, त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणत असाव्यात. मग स्वतः खाल्लं. मऊ शिजवून आणलं होतं भाच्याने, पण चावायला त्यांना खूप वेळ लागला, आणि कुणी घाई केली नाही.

घरात नवा झाला की मोठं माणूस घरच्यांना आपल्या हाताने देतं. त्यांनी भाच्याला दिलं. मग चिमूट बाईंकडे वळली. बाईंनी स्टुलावरून मान वर करून तोंड उघडलं, अगदी लहान पोरीसारखं. आणि मग समारोबाईंची नजर दाराशी आली, जिथे मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझे आठ दिवस संपले नव्हते. वाटी-चमच्यापासून मी लांबच राहत होते.

मला हलता येईना. तेव्हा बाई उठल्या आणि आजवर जे कुणाला दिलं नव्हतं ते स्टूल त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवलं. "बस."

मी बसले. समारोबाईंचा चेहरा पहिल्यांदाच मला इतक्या खालून दिसला. खालच्या ओठाच्या आत, तोंड हललं की, मी केलेली ती जखम अजून दिसत होती. त्यांची बोटं नव्या तांदळासह माझ्या तोंडापाशी आली, आणि माझे ओठ आपोआप मिटले. शरमेने म्हणा, रडू आवरायला म्हणा, घट्ट मिटले.

त्यांनी बोटं माझ्या ओठांना लावली नाहीत. हात थकलेला होता, एक शीत माझ्या मांडीवर पडलं. पण तो हात तिथेच, वीतभर लांब, राहिला. मी तोंड उघडेपर्यंत त्या थांबल्या.